गप्पीच्या मेंदूत मी काय शोधते

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. मागच्या रविवारी बाबांनी फोनवर विचारलं की गप्पी माशांत अजून शोधायचं ते काय राहिलं, आणि मी घरी आल्यावर सांगते म्हणून टाळलं. टाळायला नको होतं. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचा, आईचा नवा चष्मा अजून आला नसेल.

बाबा, तुम्ही मलेरियाच्या ड्युटीवर होते तेव्हा सायकलच्या हँडलला माशांचा कॅन अडकवून यावलकडची गावं फिरायचे, डासांच्या अळ्या खायला हौदात गप्पी सोडायचे, बायांना आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा सांगायचे, आणि सुट्टी असली की मी मागे कॅरिअरवर. फैजपूरच्या रस्त्यावरच्या एका हौदात तुम्ही मला दाखवलं होतं, तो रंगीत नर बघ कसा शेपूट पसरून नाचतोय आणि ती राखाडी मोठी मादी त्याच्याकडे बघत पण नाही, मग दुसरा आला तर लगेच वळली. मी म्हटलं का? तुम्ही म्हणाले तिच्या मनात काय ते तिलाच माहीत. माझी ही सगळी वर्षं त्यातच चालली आहेत बाबा, तिच्या मनात काय ते.

आपल्या केळीत ठिबकच्या नळ्या सगळीकडे गेल्यात, पण पाणी कुठे पडतंय ते कोणता व्हॉल्व्ह उघडलाय त्यावर असतं ना, तसंच जीनचं आहे, म्हणजे पेशीने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचनांचं. प्रत्येक पेशीत जवळपास सगळे जीन असतात, कोणता चालू कोणता बंद हे मात्र बदलत राहतं, आणि मादी नर बघत असते तेवढ्या वेळातही बदलतं! टेक्सास विद्यापीठातल्या लोकांनी २००८ मध्ये मेक्सिकोतल्या स्वोर्डटेल माशांवर हे दाखवलं, अर्ध्या तासात. मला वाटलं होतं आवडता नर समोर आला की भराभर जीन चालू होत असतील, तर तिथे उलट बरेच जीन मंदावले होते, आणि दुसऱ्या माद्यांच्या सोबतीत जे चढत होते तेच नरापुढे उतरत होते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत जागी होते.

आणि बाबा, तुमचा गंबुशिया मासा आठवतो? तो पण डासांसाठीच आणलेला. त्याचा नर नाचत बिचत नाही, नुसता मादीच्या मागे लागून जबरदस्ती करतो. टेक्सासच्या त्याच लॅबने नंतर स्वोर्डटेल आणि गंबुशिया, दोघींच्या माद्यांच्या मेंदूची तुलना केली. न्यूरोलायजिन नावाचा एक जीन आहे, मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना जोडल्या जातात तिथे त्याचं काम. स्वोर्डटेलची मादी जितकी नराकडे ओढली जाईल तितका तो जास्त चालू. गंबुशियाच्या मादीत बरोबर उलटं. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. नर कसा वागतो, मादीला निवडायला मिळतं की नाही, याची खूण तिच्या मेंदूत दिसते.

आई, आता तुझं. बामणोदची भरताची वांगी तू कशी घेते, हातात धरून वजन बघते, देठ बघते, चार बाजूला ठेवते आणि पाचवं घेते. टोपलीतली वांगी मला पण दिसतात, पण तुझ्यासारखं निवडता येत नाही. स्वीडनमध्ये पिढ्यानपिढ्या निवड करून मोठ्या मेंदूच्या आणि लहान मेंदूच्या गप्पी तयार केल्यात. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की मोठ्या मेंदूच्या माद्या जास्त रंगीत नराकडे जातात, लहान मेंदूच्या कोणाकडेही, आणि रंग दिसण्यात दोघींचा काही फरक सापडला नाही. दिसतं दोघींना, पण त्यातून निवडायचं काम मेंदूचं.

आता जे टाळत होते ते. मेंदूतले जीन किती चालू ते मोजायचं तर मेंदू बाहेर काढावा लागतो आई. मादीला आधी औषधाच्या पाण्यात पूर्ण बेशुद्ध करतात, तिला दुखत नाही, पण ती परत पोहत नाही. तुझ्या गळ्यात माळ, दरवर्षी मुक्ताईच्या पालखीबरोबर चालायची तू, आपल्या घरात अंडं पण येत नाही, आणि मी हे दोन वर्षं तुझ्यापासून लपवलं. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता, संध्याकाळी जेवण गेलं नाही. आता हात थरथरत नाही, याचं मला कधी कधी जास्त वाईट वाटतं. प्रत्येक मादीची नोंद मी वेगळ्या वहीत ठेवते, आणि दहात भागत असेल तर अकरावी घेत नाही. काम सोडणार नाही आई. पण तुला माहीत नसताना करत राहणं मला जमेना.

बाबा, शाळेमागच्या हौदात गप्पी अजून आहेत का बघाल? गुडघा दुखत असेल तर नको.

रविवारी सकाळी फोन करते. आई, पहिले तू घे, रागावली असशील तरी तूच घे.

तुमची,
ताई