आकाशकंदील घरीच करावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की बाजारपेठा प्लास्टिकच्या तयार कंदिलांनी भरून जातात आणि सण सरताच त्यांतील बरेचसे कचऱ्यात पडलेले दिसतात, याचे मनापासून वाईट वाटते.

आपला पारंपरिक आकाशकंदील घरी करणे मुळीच अवघड नाही. बांबूच्या सारख्या लांबीच्या २४ कामट्या घेऊन त्यांचे सहा चौकोन दोऱ्याने बांधावेत आणि ते चौकोन कोपऱ्याला कोपरा जोडत गेल्यास मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. भूमितीचा इतका सुंदर धडा मुलांना फळ्यावर क्वचितच मिळतो. सांगाड्यावर पतंगाचा कागद कणकेच्या खळीने चिकटवावा, खाली झिरमिळ्या सोडाव्यात आणि आत, कागद तापू नये म्हणून, कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा. (खळ पातळ झाल्यास कागद सुरकुततो, म्हणून ती दाटसरच शिजवावी.) सण झाल्यावर कागद काढून सांगाडा माळ्यावर ठेवला, तर पुढच्या वर्षी खर्च केवळ कागदाचा उरतो. आमच्या घरचा सांगाडा अशी अनेक वर्षे टिकला आहे.

पणत्या, रांगोळी आणि झेंडूच्या तोरणासोबत असा कंदील असला, की सजावटीला आणखी काही लागत नाही. आपल्या दैनिकाने दिवाळीपूर्वीच्या रविवार पुरवणीत त्याची मापांसह आकृती छापावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली