आयत्या आकड्यांविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘मुलाखती घ्यायला वेळ नाही, आयत्या आकड्यांवर प्रबंध केला तर तो कमअस्सल ठरेल का?’ असं विचारलंस. अरे, १८९७ साली फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखाइमने आत्महत्येवरचा ग्रंथ काढला तो सरकारी नोंदींवरच. सुमारे २६,००० प्रकरणं त्याच्या भाच्याने, मार्सेल मोसने, चाळून दिली. मेलेल्यांच्या मुलाखती कोण घेणार होतं?

वेळ-पैसा वाचतो हा फायदा मी दुय्यमच मानतो. खरी गोष्ट ही की दुय्यम सामग्रीमुळे, म्हणजे इतरांनी आधीच गोळा करून ठेवलेल्या अशा आयत्या माहितीमुळे, मागे जाता येतं. पन्नास वर्षांपूर्वीचं आज विचारलंस तर माणूस आजच्या मनाने सांगेल. जुनी नोंद तशी बदलत नाही, आणि ती झाली तेव्हा तू समोर वही घेऊन बसलेला नव्हतास, म्हणजे तुला बघून कुणी उत्तर बदललेलं नाही.

पण नोंद कुणीतरी केलेली असते, गोम तिथेच आहे. एकोपा असतो तिथे आत्महत्या कमी, असं दुरखाइम म्हणाला. १९६७ मध्ये जॅक डग्लस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने विचारलं, जिथे एकोपा जास्त तिथे घरचे लोक आत्महत्या झाकतही जास्त असतील, तर? मग दर नेमका कशामुळे कमी दिसतो? शिवाय मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी चिठ्ठी सापडली का, माणूस आधी खचलेला होता का, हे बघून निकाल देतो. म्हणजे ‘आत्महत्या अशी असते’ ही त्याची समजूत आकड्यात आधीच शिरलेली. आपण तीच बाहेर काढायची आणि शोध लागला म्हणायचं!

मीही यात आपटलोय. एका तक्त्यात काम करणाऱ्या बायकांची संख्या एका वर्षी एकदम उसळलेली दिसली. शिक्षण, शहरीकरण, बदलती कुटुंबं... चार पानं कारणमीमांसा झोडली. मग तळटीप वाचली. त्या वर्षापासून घरच्या धंद्यातलं बिनपगारी राबणंही ‘काम’ धरायला लागले होते. बायका होत्या तिथेच होत्या, व्याख्या हलली होती. पानं फाडली. मात्र प्रबंधाचा विषय त्या तळटिपेतच होता, हे फार उशिरा कळलं. तोवर ते राबणं काम नाही, असं कुणी आणि का ठरवलं होतं?

तेव्हा तक्त्यांना हात लावण्याआधी ते ज्या पाहणीतून आले तिची कोरी प्रश्नावली आणि माहिती गोळा करणाऱ्यांना दिलेल्या सूचना मिळव. हाती आल्या की मलाही पाठव, एकत्र वाचू.

तुझाच,
जुना सहाध्यायी