मोगरीचा आवाज फोनवर ऐकला

ती. आई आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी बाबा फोनवर मुगाला शेंगा धरल्याचं सांगत होते आणि मागून थप थप आवाज येत होता. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. आई मोरीच्या दगडावर मोगरीनं धुणं आपटत होती. विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "धुण्याची मशीन बंद पडून पंधरा दिवस झाले. तुले काय सांगावं, तू तिकडे कामात." आई, मागच्या संक्रांतीला तुझ्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं. त्याच हातानं तू बाबांच्या वावरातल्या चिखलाच्या पँटी आपटतेस. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला वाचून दाखवा.

मेकॅनिक म्हणाला मोटर गेली, नवी टाकावी लागेल, अडीच हजार. कदाचित गेली असेलही. पण तुम्ही मला जे सांगितलं त्यावरून मला तसं वाटत नाही. बटण फिरवलं की "घूं" असा जड आवाज येतो आणि टबाच्या तळाची, कपडे घुसळणारी चकती हलत नाही, बरोबर? म्हणजे मोटरपर्यंत लाईन पोचते आहे. खालचा पट्टा तुटला असता तर मोटर हलकी, भरधाव सुटल्यासारखी वाजली असती. मोटर जळली असती तर जळक्या वार्निशचा उग्र वास आला असता. आपल्या पंपाची मोटर जळली होती तेव्हा आला होता तसाच. वास नाही आणि नुसती घुरघुर आहे, म्हणजे बहुतेक कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारी छोटी डबी, उतरला आहे. शे-दीडशेची वस्तू आहे ती.

बाबा, एवढं पाहा. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण आपल्या जुन्या बोर्डात बटण फेजवर (करंट आणणाऱ्या वायरीवर) आहे की न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) याचा भरवसा नाही. पाणी सोडून द्या आणि रिकाम्या टबात हात घालून चकती फिरवा. थोडी जड, पण दोन्हीकडे फिरली तर यंत्र मोकळं आहे आणि दोष कपॅसिटरकडे जातो. अडकलीच तर चकतीखाली काहीतरी शिरलं आहे: सुतळी, चिल्लर, रुमाल. मधला स्क्रू काढला की चकती वर उचलून येते. यापुढे मात्र जाऊ नका. मागचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो आणि जोरात झटका देतो.

अजून एक. मशीन संध्याकाळी लावत होता का? सगळ्यांचे पंप चालू झाले की आपल्या डीपीवरचं (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचं) व्होल्टेज किती पडतं ते तुम्हाला माहीत आहे, ट्यूबलाइट नुसती फडफडत राहते. 230 च्या जागी 160 आलं तर मोटरचा जोर निम्म्यावर येतो. मग ती घुरघुरते, फिरत नाही आणि तशीच चालू ठेवली तर खरंच जळते. म्हणून मी आल्यावर एकदा दुपारी, व्होल्टेज चांगलं असताना, रिकामी लावून पाहू. घूं झालं की लगेच बंद करू.

मेकॅनिकला पुन्हा बोलवाल तेव्हा भांडू नका, फक्त म्हणा, "भाऊ, मीटर लावून दाखव." धुण्याच्या मोटरला तीन वायरी असतात. कॉमन वायरपासून दोन्हीकडे मोजलं आणि आकडा जवळपास सारखा आला तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, शाबूत आहे. वायर आणि मोटरची बॉडी यांच्यात मीटर काहीच दाखवता कामा नये. हे पाच मिनिटांचं काम आहे. हे न करता जो मोटर बदला म्हणतो, त्याला पैसे द्यायचे नाहीत. तरीही मोटर घ्यावीच लागली तर तांब्याच्या वाइंडिंगची मागा. ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण लवकर तापते.

कपॅसिटर घ्यायला दर्यापूरला जाल तर मेकॅनिकनं काढून दिलेला जुनाच पिशवीत घालून न्या. त्यावर एमएफडीचा (कपॅसिटरच्या क्षमतेचा) आकडा आणि 440 व्होल्ट असं छापलेलं असतं. आपल्यासारख्या दोन टबांच्या मशीनमध्ये धुण्याच्या मोटरला साधारण 10 चा आणि सुकवायच्या मोटरला 5 किंवा 6 चा असतो, कधी दोन्ही एकाच डबीत असतात. दुकानदार म्हणेल, "थोडा मोठा टाका, जोर येईल." ऐकू नका. मोठा टाकला की मोटर तापते. आकडा तोच हवा, व्होल्ट 440 पेक्षा कमी नको. पट्ट्याचंही तसंच, त्याच्या पाठीवर नंबर असतो. नुसतं कंपनीचं नाव सांगून आणलेला पट्टा एक तर सैल बसतो, नाहीतर चढतच नाही. चकती बदलायची वेळ आली तर आतल्या दात्यांची संख्या मोजून घ्या. मशीनच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो मला पाठवून ठेवा, म्हणजे इथून मी सांगू शकेन.

श्रावणात कपडे वाळत नाहीत, त्यामुळे सुकवायची बाजू चालू राहायलाच हवी. ती मध्येच थांबते असं आई म्हणाली होती. झाकणाखाली एक छोटी पट्टी दबते, ती नीट दबली नाही तर ती बाजू फिरत नाही, म्हणून झाकण घट्ट लावून पाहा. धाडधाड हलत असेल तर कपडे एका बाजूला गोळा झाले आहेत. नऊवारी एकटी घालायची नाही, सोबत टॉवेल घालून गोल पसरायची. आणि पाणी बाहेर पडायचा पाइप जमिनीवर आडवाच ठेवा. आपल्या मशीनला पाणी उपसायचा पंप नाही. पाणी उतारानं जातं, पाइप उंबरठ्यावर चढवला की आतच तुंबतं.

आपल्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी मशीनचं खरं वैरी आहे. फेस येत नाही म्हणून आई पावडर वाढवते, आणि ती पावडर क्षारासोबत चकतीखाली चुन्यासारखी बसते. नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं त्या दिवशी धुणं काढ. रोज जमणार नाही, मला कळतं. निदान शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात कर. महिन्यातून एकदा रिकाम्या टबात कोमट पाणी आणि मूठभर लिंबूसत्त्व टाकून दहा मिनिटं फिरव, मग सोडून दे. मशीन विटांवर ठेवा, खालचा पत्रा ओल्या फरशीवर गंजतो. खालून बारीक जाळी बांधा. मूग घरात आला की उंदीर येतील आणि थेट वायरीच कुरतडतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आई, तू मागे म्हणाली होतीस, पाय ओले असले की मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. मी तेव्हा हसण्यावारी नेलं, त्याचं मला आज फार वाईट वाटतं. मशीनच्या बॉडीत करंट उतरतो आहे आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही. पोळ्याला मी येते आहे, तोवर त्या मशीनला कोणी हात लावायचा नाही. वर लिहिलेली चकतीची तपासणी तेवढी प्लग काढून करा, मशीन चालू करून पाहायचं ते सगळं मी आल्यावर. गावातला कोणी वायरमन "अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. कुठे न्यूट्रल तुटली तर अख्खी मशीन जिवंत वायर होते. आयटीआयला दोन वर्षं इलेक्ट्रिशियन शिकले ती बाबांनी बैल विकून भरलेल्या फीवर. ते शिक्षण तुमच्याच घरी उपयोगी पडलं नाही तर काय उपयोग?

बाबा, करंटला जमिनीत वाट द्यायला, म्हणजे अर्थिंगसाठी, मोरीपासून थोडं लांब, निंबाच्या बाजूला, हातभर रुंद आणि तुमच्या छातीएवढा खोल खड्डा खणून ठेवा. पाइप, कोळसा आणि मीठ मी आल्यावर घालू. आपली माती खारी, त्यात अर्थिंग चांगलं लागतं, पण पाइप लवकर खातं, म्हणून जाड गॅल्वनाइजचाच घेऊ. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं, हे मात्र तुम्हालाच करावं लागेल. करंट गळाला की लाईन तोडणारा 30 मिलीॲम्पियरचा ब्रेकर मी इथून घेऊन येते. कपॅसिटरही दोन आणते, एक घरात राहील.

आई, तोवर गोधड्या आणि चादरी तशाच राहू दे. बाबांचे वावरातले कपडे बाबाच भिजवतील आणि पिळतील, मी त्यांना फोनवर सांगितलं आहे आणि ते हो म्हणाले आहेत. मोगरी माळ्यावर टाकून दे.

तुमची,
लेक