बाबा, देणगी मागायला निघण्याआधी

नेरूळ, 12 एप्रिल 2025

ती. आई-बाबांस सा. न.

नौपाड्यातल्या अभ्यासिकेसाठी सहा लाख उभे करायचेत आणि खजिनदारकी बाबांकडे आली, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर सगळं सांगून होणार नाही, म्हणून लिहितेय.

पावतीपुस्तक लगेच बाहेर काढू नका. आधी नावांची यादी करा. सहाशे जणांकडून हजार-हजार हा हिशेब कागदावरच राहतो. एक देणगी लाखाची, दोन 50 हजारांच्या, चार 25 हजारांच्या, दहा 10 हजारांच्या: इथे चार लाख झाले. उरलेले दोन लाख लहान रकमांतून येतील. एका होकारासाठी साधारण तीन-चार जणांना विचारावं लागतं, म्हणून लाखाच्या एका देणगीसाठीही तेवढी नावं हवीत. सुरुवात विश्वस्तांपासून. त्यांनीच खिशात हात घातला नाही तर बाहेरचा का घालेल? आणि निम्मी रक्कम जमेपर्यंत फलक नको, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहनही नको.

मागताना आकडा बोलायचा. ‘यथाशक्ती द्या’ म्हटलं की 50 हजार देऊ शकणारा 501 देऊन मोकळा होतो. “टेबल, खुर्ची, दिवा मिळून एका जागेला 10 हजार लागतात. अशा पाच जागा तुम्ही कराल का?” एवढं विचारून थांबायचं. बाबा, तुम्हाला ती शांतता सहन होणार नाही, तुम्ही चटकन ‘नाहीतर जमेल तसं’ म्हणाल. तेवढं टाळा. समोरचा मनात हिशेब करत असतो, त्याला करू द्या.

देणगीवरची प्राप्तिकर सवलत सांगताना जपून. जुन्या करप्रणालीत असलेल्यालाच ती मिळते. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्यालाही नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयनेच घ्या. पॅन पावती फाडतानाच लिहून घ्या. आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेच्या आत सगळ्या देणगीदारांचं विवरणपत्र प्राप्तिकर खात्याकडे भरावं लागतं, त्यात प्रत्येकाचा पॅन लागतो; उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क. त्या घाईत दोनशे जणांना पॅनसाठी फोन करण्यात सगळा मे जातो.

परदेशातल्या नातेवाइकांचं नीट बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. नागरिकत्व बदललं असेल, मग ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाही. सख्खा पुतण्या असला तरी नाही म्हणा.

‘जमवून देतो, पंधरा टक्के द्या’ म्हणणाऱ्या सल्लागाराला दारातूनच परत पाठवा. आमच्या निधी उभारणीच्या व्यवसायाच्या आचारसंहितेत टक्केवारी बसत नाही. ठरावीक शुल्क घेणारा चालेल, पण सहा लाखांसाठी त्याचीही गरज नाही.

आई, आभाराचे फोन तू कर, दोन दिवसांच्या आत. बाबा ‘मिळाले, धन्यवाद’ म्हणून ठेवून देतील. तू चौकशी करशील, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा देतो तो त्यामुळे. वहीत नाव, पॅन, रक्कम, कशासाठी, पावती क्रमांक, फोन केल्याची तारीख असे सहा रकाने आखून ठेव. रविवारी येते तेव्हा यादी घेऊन बसू. पहिली वीस नावं तयार ठेवा.

तुमची,
वैशू