दाखला द्यायचा तर पुरा द्यावा

महोदय,

गोव्यातील सड्यांवर (जांभ्या दगडाच्या पठारांवर) गोल्फ मैदान करण्याचा विषय निघाला की स्कॉटलंडच्या परंपरेचा दाखला दिला जातो. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान कोणा एकाने कागदावर आखलेले नाही. शेतीस निरुपयोगी अशा वाळवट किनाऱ्यावरील खुरट्या गवतात तो खेळ रुजला आणि १७६४ मध्ये तिथे २२ ऐवजी १८ होलांचा (चेंडू ज्यात घालायचा त्या खळग्यांचा) फेरा ठरला. जाता-येताना एकाच अरुंद पट्ट्यातून खेळायचे असल्याने आजही होलाभोवतीच्या सात हिरवळी (ग्रीन) दोन-दोन होलांना सामाईक आहेत आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज १८ येते: दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा. १७५४ साली स्थापन झालेला नामांकित क्लब शेजारीच आहे. मैदान मात्र सार्वजनिक असून, एरवी रविवारी खेळ बंद ठेवून ते लोकांना फिरायला मोकळे असते. हा भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही.

आपला सडा निरुपयोगी नाही. जांभ्यात मुरलेले पावसाचे पाणीच पायथ्याच्या झरींना व कुळागरांना (पोफळी-माडांच्या बागांना) पुरते. तो सपाट करून, वर माती पसरून हिरवळ उगवणे ही त्या परंपरेच्या नेमकी उलट रीत आहे. असे प्रस्ताव तपासताना नगरनियोजन खात्याने आधी पायथ्याच्या झरींची नोंद करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पेडणे