फलक पडतात ते केवळ वाऱ्यामुळे नव्हे

संपादक महोदय,

वळवाचे दिवस आले की मुंबईत जाहिरात फलकांच्या तपासणीची परिपत्रके निघतात, आणि तरीही एखादा फलक कोसळलाच तर 'निसर्गापुढे कोणाचे काय चालणार' असे म्हणून विषय मिटवला जातो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर अवाढव्य फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला आणि सत्तरहून अधिक माणसे जखमी झाली, तेव्हाही हेच ऐकू आले. बांधकामांची गणिते करण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्या अभियंत्याला हे वाक्य सहन होत नाही.

त्या सोमवारी दुपारी चारनंतर धुळीच्या वादळाने अवघ्या शहराला वेढले. मुंबई विमानतळावरील वाहतूक तासाभराहून अधिक काळ थांबली, मुलुंड-ठाणे दरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकल्याने मध्य रेल्वेची लोकल सेवा कोलमडली, वडाळ्यात वाहनतळासाठी उभारला जात असलेला लोखंडी मनोरा आडवा झाला. मोसमी पावसाच्या आधी तापलेल्या जमिनीवर गडगडाटी ढग तयार होतात. त्यांतला पाऊस खालच्या कोरड्या हवेतून येताना वाटेतच वाफ होऊन जातो, त्यामुळे थंड आणि जड झालेली हवा वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते, तर या वाऱ्याचा नेमका इशारा जेमतेम काही तास आधी देता येतो. तेवढ्या वेळात पाया खोल करता येत नाही. जी काही तयारी करायची, ती फलक उभारण्याच्या दिवशीच झालेली असावी लागते.

तो वारा मुंबईला अपरिचित होता, असेही म्हणता येत नाही. ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाबा वेधशाळेत ताशी १०७ किलोमीटर, तर १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी ११४ किलोमीटर वेगाच्या झोताची नोंद झाली होती. इमारती आणि इतर बांधकामांवर येणारा भार किती धरायचा हे सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरण्यास सांगितले आहे आणि प्रत्येक संरचना अभियंत्याला तो आकडा पाठ असतो. घाटकोपरच्या दुर्घटनेनंतर व्हीजेटीआय या मुंबईतील अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीतून मात्र असे पुढे आले की, त्या दिवशी वाऱ्याचा वेग ताशी ८७ किलोमीटर असताना तो फलक ताशी ४९ किलोमीटरपर्यंतचाच वारा सोसू शकत होता.

हे आकडे वाचताना सामान्य वाचकाला वाटेल की फलकाची ताकद आवश्यकतेच्या एक तृतीयांश होती. प्रत्यक्षात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो (वेग दुप्पट झाला तर दाब चौपट), त्यामुळे ४९ आणि १५८ यांतले अंतर तिपटीचे नसून दहापटीचे आहे. फलकाचा आकार १२० बाय १२० फूट, म्हणजे सुमारे १,३४० चौरस मीटर होता. ताशी ८७ किलोमीटरच्या वाऱ्याने एवढ्या पृष्ठभागावर ढोबळ हिशेबाने ४८ टन वजनाइतका आडवा जोर येतो, तर मानकातील वेगाने तोच जोर दीडशे टनांच्या पुढे जातो. महापालिकेच्या नियमानुसार कमाल आकार ४० बाय ४० फूट होता. लांबी-रुंदी तिप्पट केल्याने क्षेत्रफळ नऊपट झाले आणि फलकाचा मध्य उंच गेल्याने पाया उपटणारा जोर त्याहूनही अधिक वाढला. हे गणित अभियांत्रिकीचा विद्यार्थीही करू शकतो. म्हणून प्रश्न असा पडतो की ते कोणी केले, कोणी तपासले आणि कोणाच्या सहीने मंजूर झाले.

या प्रश्नाचे उत्तर जागेच्या मालकीच्या वादात हरवते. ती जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यात होती आणि आपली परवानगी घेतलेली नव्हती, असे महापालिकेने सांगितले. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी जुन्या बाजाराच्या चौकात फलकाचा सांगाडा कोसळून चार जण दगावले, ती जागा रेल्वेची होती. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे वादळी पावसात आडोशाला थांबलेल्या माणसांवर फलक कोसळून पाच जण गेले. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३२८ मध्ये आकाशचिन्हांसाठी, म्हणजे उंचावर उभारलेल्या जाहिरात फलकांसाठी, आयुक्तांची परवानगी सांगितलेली असताना, पदपथाच्या पलीकडची जागा दुसऱ्या खात्याची आहे म्हणून तिथला वारा वेगळा कसा धरायचा? घाटकोपरला ढिगाऱ्याखाली माणसे अडकली असताना पेट्रोलच्या भीतीने गॅस कटर मनमोकळेपणाने चालवता येत नव्हते आणि शोधकार्य दोन दिवसांहून अधिक चालले. त्या माणसांना सातबारा कोणाच्या नावावर आहे याच्याशी काय देणेघेणे होते?

राज्य सरकार आणि महापालिका यांच्याकडे माझी मागणी स्पष्ट आहे. रेल्वे, पोलीस, गृहनिर्माण किंवा अन्य कोणत्याही खात्याची जागा असली तरी फलकाच्या पायाची रचना एकाच तांत्रिक यंत्रणेने तपासावी आणि तिच्या लेखी संमतीविना वीजजोडणी देऊ नये. पायाचा खड्डा भरण्यापूर्वी त्याची खोली व माती पाहिल्याची नोंद सक्तीची असावी, कारण काँक्रीट ओतल्यानंतर खालचे दोष स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सहसा दिसत नाहीत. तेव्हा गंजलेले नटबोल्ट तेवढे सापडतात. फलकाच्या खांबावर वाचता येईल अशा अक्षरांत आकार, परवाना क्रमांक, तो किती वेगाच्या वाऱ्यासाठी बांधला आहे तो आकडा, प्रमाणपत्राची तारीख आणि सही करणाऱ्या अभियंत्याचा नोंदणी क्रमांक लिहिलेला असावा. पेट्रोल पंप, बसथांबे आणि शाळा यांच्यापासून फलकाच्या उंचीइतके अंतर मोकळे राखावे. जे फलक या कसोटीला उतरत नाहीत ते मे महिन्यापूर्वी उतरवावेत आणि उतरवण्याचा खर्च जाहिरात कंपनीकडून वसूल करावा.

आपल्या दैनिकाने प्रत्येक प्रभागातील फलकांची ही माहिती असलेली यादी महापालिकेकडे मागून प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, मुलुंड (पूर्व), मुंबई