मार्गदर्शकाचे तासही मोजा

महोदय,
नव्या शैक्षणिक धोरणानुसार संशोधनासह चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांसाठी प्रकल्पाला 12 श्रेयांक (क्रेडिट) आहेत. पण मार्गदर्शकाला वेळच नसेल तर त्याचं चीज कसं होणार?

माझ्या भाचीने कॉलेजात असताना गोवंडीतल्या पाचवीच्या मुलांच्या अपूर्णांकांतल्या चुकांवर प्रकल्प केला. आठ हे चारपेक्षा मोठे, म्हणून एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, असं बरीच मुलं मानत होती. 'पाया कच्चा' असा शेरा मारून ती मोकळी झाली. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी वही परत केली. 'मुलांना विचारलंस का?' मग ती मुलांशेजारी बसली, कागदाच्या घड्या घालून घेतल्या, त्यांचं बोलणं शब्दशः टिपलं. चटकन मत ठोकून देणारी ही मुलगी आता घरीही 'कशावरून?' विचारते. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात 2004 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकाच्या हाताखाली विज्ञानाचे प्रकल्प करता येतात. भाचीच्या मॅडम मात्र सगळं तासिका संपल्यावर, लोकल चुकवून करत. मुंबई विद्यापीठाने अशा मार्गदर्शनाचे पुरेसे तास प्राध्यापकांच्या कार्यभारात धरावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, चेंबूर, मुंबई